सांगून एक, न सांगता दोन

परवा माळ्यावरून पावसाळी सामान खाली काढलं. मृग तोंडावर आला की आमच्याकडे हा सोहळाच असतो. छत्र्यांच्या काड्या तपासायच्या, गमबूट झटकायचे, प्लास्टिकच्या ताडपत्रीला उंदरांनी किती ठिकाणी भोकं पाडलीत ते मोजायचं. त्यात माझा निळा रेनकोट निघाला. झटकला तर खिशातून बोटभर लांबीची पेन्सिल आणि घडी घातलेला एक जाडसर कागद पडला. कागद उघडला. त्यावर बारा रकाने, नातीच्या गोल गोल अक्षरातले आकडे आणि आठव्या रकान्यात ७ खोडून केलेला ९.

ती खाडाखोड बघितली आणि तशीच पायरीवर बसून राहिले. पुतण्या मध्यंतरी फोनवर विचारत होता, "काकू, बरी आहेस ना? काही लिहिलं नाहीस बऱ्याच दिवसांत." बरी आहे रे. एक लिहायचं राहिलं होतं, ते आज लिहिते.

गोष्ट गोल्फची आहे. हसू नका! मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईचा गोल्फशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. २०१९ च्या जुलैपर्यंत माझंही तेच मत होतं. हे गेल्यापासून लेकीने धोशा लावला होता, "आई, एकदा ये इकडे." शेवटी गेले. लेक-जावई तेव्हा ग्लासगोजवळ राहत होते. जावयांना गोल्फचा नाद, आणि अकरा वर्षांच्या नातीलाही त्यांनी तो लावलेला. माझा वेळ जावा म्हणून दोघांनी मला सरावाच्या मैदानावर न्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दहातले सात फटके नुसते वाऱ्याला लागले. आठव्या दिवशी चेंडू हवेत उडाला आणि मी लहान मुलीसारखी ओरडले. मग काय, लागलं वेड.

मुलांच्या शाळांना सुट्टी होती. एका शुक्रवारी आम्ही चौघं ॲरन बेटावर गेलो. आर्ड्रोसन बंदरातून गाडीसकट बोटीत बसायचं आणि तासाभराच्या आत ब्रोडिकला उतरायचं. समोर गोट फेल हा बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर, ८७४ मीटरचा. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याने थोडा जास्त. पण थेट समुद्रातून वर आल्यासारखा दिसतो म्हणून त्याचा रुबाब मोठा. तिथून बेट आडवं ओलांडणाऱ्या रस्त्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅकवॉटरफूट नावाच्या गावात गेलो. तिथे शिस्किनचं गोल्फचं मैदान आहे.

मैदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सपाट जागा येते. इथे सपाट असं फार थोडं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ड्रुमाडूनचा कडा. दगडाचे उभे खांब शेजारी शेजारी रचून ठेवावेत तसा तो दिसतो. मधल्या चढउतारावर गवत, नेच्याची रानं आणि त्यात हे लोक खेळणार! गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करायचो ना, तशीच ही गल. फक्त ती दोन-अडीचशे पावलांवर, आणि कधी कधी टेकडीच्या पलीकडे.

आणखी एक गंमत. जगभर गोल्फचे होल अठरा असतात नाहीतर नऊ. इथे बारा. १८९६ साली नऊ होलांचं मैदान तयार झालं, पुढे ते अठराचं केलं, आणि पहिल्या महायुद्धानंतर डोंगरावरचे सहा होल सोडून दिले ते कायमचे. उरले बारा. जावई म्हणाले, "आई, तुमच्यासाठी हेच बरं. अठरा होल म्हणजे चार-पाच तासांची पायपीट." प्रत्येक होलला नाव, आणि तीही अशी की मराठीच्या बाईला आवडावीत. तिसऱ्याचं नाव 'कावळ्याचं घरटं', सातव्याचं चक्क 'हिमालय', आठव्याचं 'हेडीस' म्हणजे ग्रीकांचा पाताळलोक, आणि दहाव्याचं 'पॅराडाइज'. नावं मी रचलेली नाहीत, कार्डावर छापलेली आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढची गोष्ट वाचून तुम्हाला शंका येईल.

बारा होलांचे मिळून बेचाळीस फटके अपेक्षित. त्याला ते 'पार' म्हणतात. माझं कार्ड नात लिहिणार होती. तिने बजावलं, "आजी, तू मला प्रत्येक होलनंतर नंबर सांगायचा. मी मोजणार नाही. मी माझं बघणार."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की जसं काही मी विचारलं, जेवणाऐवजी माती खाल्ली तर?

पाऊस पहिल्याच होलला आला. पाऊस मला नवा नाही. जन्म कोकणात गेला. पण आपला पाऊस वरून पडतो, सरळ आणि सढळ. तिथला आडवा येतो, बारीक, थंडगार, कॉलरमधून थेट पाठीवर. अशा दिवसाला त्यांच्या बोलीत 'ड्रीख' म्हणतात. शब्द ऐकूनच हुडहुडी भरते. लेक दुसऱ्या होलपर्यंत छत्री धरून आली आणि मग "मी चहा घेते, तुम्ही या" म्हणून परत गेली. मी सलवार, त्यावर स्वेटर, त्यावर हा निळा रेनकोट आणि डोक्याला मफलर अशा अवतारात पुढे निघाले.

'कावळ्याचं घरटं' म्हणजे कड्याखालचा एक उंच माळा. खालून मारायचं, वर पोचवायचं. माझा चेंडू निम्म्यापर्यंत जाई आणि घसरगुंडीवरून येणाऱ्या पोरासारखा परत पायाशी येई. त्या कड्याच्या पलीकडे किनाऱ्याने चालत गेलं की 'किंग्ज केव्ह' नावाची गुहा लागते. पराभूत रॉबर्ट ब्रूस राजाने जाळं विणणारा कोळी बघितला तो याच गुहेत, असं तिथे सांगतात. असा दावा करणाऱ्या गुहा आणखीही आहेत म्हणे! ती गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. माझा कोळी नेहमी सातव्या वेळी यशस्वी व्हायचा. माझा चेंडूही सातव्या फटक्याला गलीत गेला. मी सात सांगितले, नातीने सात लिहिले.

वरून जे दिसलं ते मात्र विसरणार नाही. समोर करडी खाडी, पलीकडे किंटायरच्या डोंगरांची रेघ, आणि मधल्या पाण्यावरून पुढची सर चालत येत होती. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की अशीच दिसते. क्षणभर वाटलं, हे असते तर म्हणाले असते, "चला, कपडे काढा वाळत घातलेले."

सातव्या होलच्या हिमालयाला मी हात जोडले. आमच्या शाळेच्या इमारतीएवढी टेकडी! पण पलीकडचं काहीच दिसत नाही, अंदाजाने मारायचं. जावई वर चढून पुढे कुणी नाही ना ते बघून आले. मी डोळे मिटून मारलं आणि चेंडू हिमालय ओलांडून गेला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, पुढे जे झालं त्याला त्या टाळ्याही थोड्या कारणीभूत आहेत. आपल्याला जमतंय असं वाटलं की माणसाला ते जमतच राहावंसं वाटतं.

आठवा होल, पाताळलोक. माझा दुसरा फटका डावीकडे नेच्यात गेला. जावई उजवीकडे, नात पार पुढे. मला चेंडू सापडला, पण तो ओल्या गवताच्या झुपक्यात असा रुतून बसला होता की काठी आत शिरेना. पाऊस जोरात होता. चष्म्यावर पाणी. मी इकडेतिकडे बघितलं नाही, हे शपथेवर सांगते. बघायची गरजही वाटली नाही. उजव्या पायाने चेंडू हलकेच वीतभर सरकवला, मोकळ्या गवतावर आला, आणि मारला. छान गेला.

होल संपल्यावर नातीने विचारलं, "किती?"

"सात," मी म्हणाले. तिने सात लिहिले.

नववा होल सगळ्यात लांब. चालायला बराच वेळ. वाऱ्यामुळे बोलणं नाही. आणि त्या चालण्यात मला एकदम आमच्या शाळेचा वर्ग दिसला. मार्च १९९१. दहावीची परीक्षा, भूमितीचा पेपर. केंद्र आमच्याच शाळेत आणि वर्गावर पर्यवेक्षक मी.

आता इथे नातेवाईकांनी जरा नीट वाचावं. ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्या तोंडून ऐकली आहे. 'मी कॉपी पकडली' ही ती गोष्ट. लग्नाकार्यात, कॉपीचा विषय निघाला की मी सांगायची. बोर्डाच्या परीक्षेत आमच्याच शाळेतल्या मुलाच्या खिशातली चिठ्ठी मी पकडली, ओळखीपाळखीचा विचार केला नाही, रीतसर अहवाल दिला. तुम्ही म्हणायचात, बाई कडक हो!

मी पकडली नव्हती. पेपर सुरू होऊन दीडेक तास झाला होता. तिसऱ्या बाकावरचा मुलगा उठला, माझ्या टेबलापाशी आला आणि घडी केलेली चिठ्ठी पुढे ठेवून हळूच म्हणाला, "बाई, ही खिशात होती. मी बघितली नाही." मी उघडून बघितली. एका प्रमेयाची सिद्धता होती. त्याची उत्तरपत्रिका बघितली, तर तो प्रश्न कोरा होता. तो खरं बोलत होता, हे मला त्याच क्षणी कळलं. पण चिठ्ठी जवळ सापडणं हाच गुन्हा, असा नियम. मी केंद्रसंचालकांना बोलावलं. अहवालात लिहिलं, 'विद्यार्थ्याकडे चिठ्ठी आढळली.' त्यातला एकही शब्द खोटा नाही. त्याने ती स्वतः आणून दिली, एवढंच लिहिलं नाही. त्याचा त्या वर्षीचा निकाल रद्द झाला. तो पुन्हा परीक्षेला बसलाच नाही. मुख्याध्यापकांनी सभेत माझं कौतुक केलं. आणि वर्षं सरली तशी 'आढळली'ची 'पकडली' कधी झाली, ते माझं मलाही कळलं नाही.

नियमाने वागले याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण त्या ओल्या उतारावर चालताना पहिल्यांदा लक्षात आलं की मीही चेंडू वीतभर सरकवला होता. पाय तोच, सवय जुनी.

नववा संपला. नात पेन्सिल काढून उभी. मी म्हटलं, "आधी आठवा बदल. मी चेंडू पायाने सरकवला होता."

मला वाटलं, ती दचकेल. आजी, तू? असं काहीतरी म्हणेल. तिने फक्त सात खोडले, पावसापासून कार्डावर हात धरला आणि विचारलं, "मग नऊ ना, बाबा? टू शॉट्स?"

"नऊ," जावई म्हणाले. आणि मला समजावू लागले, जसं एखाद्याला सायकलची चेन बसवून दाखवावी तसं. चेंडू मारता येणार नाही अशा जागी पडला तर खेळाडूने तसं जाहीर करायचं, एक फटका दंड घ्यायचा, दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याएवढ्या उंचीवरून चेंडू खाली टाकायचा आणि खेळायचं. कुणाची परवानगी लागत नाही. "आई, तुम्ही नुसतं सांगितलं असतं तर एकातच भागलं असतं. न सांगता हलवला आणि तिथूनच मारला, म्हणून दोन."

"बस? एवढंच?"

"एवढंच. स्पर्धेत मात्र तसंच सात लिहून सही केली असती तर बाद." आणि नात पुढे पळालीसुद्धा. तिच्या लेखी विषय संपला होता. पुढचा होल पॅराडाइज होता, पण तिथे मी आठ फटके घेतले, तेव्हा स्वर्गाचं काही खरं नाही. एकूण १०३.

संध्याकाळी चहा घेताना जावयांनी बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूची हकिकत सांगितली. १९२५ च्या यू.एस. ओपनमध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला, उंच गवतात काठी टेकवताना त्यांचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणीही बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतः सांगून एक फटका दंड घेतला. चार फेऱ्यांनंतर ते आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत आले, दुसऱ्या दिवशी छत्तीस होल पुन्हा खेळले, आणि जोन्स एका फटक्याने हरले. लोकांनी वाहवा केली, तर ती त्यांना आवडली नाही. खेळायचं म्हणजे असंच खेळायचं, त्यात कौतुक कसलं, असं त्यांचं म्हणणं.

मी ऐकत होते आणि मला तो टेबलापाशी उभा राहिलेला मुलगा दिसत होता. जोन्स तेव्हा तेवीस वर्षांचे होते. तो पंधराचा. जोन्सना एक फटका पडला आणि त्यांचं नाव शंभर वर्षं निघतं आहे. याला मी काय दिलं? या खेळाचे पहिले लेखी नियम १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथला झाले, अवघे तेरा. नियमांची पुस्तकं पुढे जाड होत गेली, पण सांगून टाकणाऱ्याला एक फटका घेऊन पुढे चालू देणारी जागा त्यांनी ठेवली. आमच्या पुस्तकात तशी जागा नव्हती, हे खरं. पण अहवालात एक ओळ लिहायला मला कुठल्या नियमाने मनाई केली होती?

सप्टेंबरमध्ये परत आले. तो मुलगा, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, आमच्याच बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवतो. इतकी वर्षं मी खिळा-चूक घ्यायला लांबच्या दुकानात जात असे. कारण स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. एका दुपारी गेले. तो उठून उभा राहिला, "बाई, या, बसा." मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गोल्फचं सुद्धा, ते त्याला कितपत कळलं कोण जाणे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, निकाल गेला त्याचं एवढं नाही. मी अभ्यासात तसा बेताचाच. पण बाबांना वाटलं, पकडला गेला. मी सांगत होतो, मी स्वतः दिली. त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. तुम्ही एकदा सांगितलं असतंत तर मानलं असतं."

"बाबा?"

"झाली बारा वर्षं."

गिऱ्हाईक आलं. तो अर्धा किलो खिळे तोलायला वळला. मी थांबले. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, "मी हे लिहू का कुठेतरी?" तो म्हणाला, "लिहा. नाव नको." आणि मी घेतलेल्या कडीकोयंड्याचे पैसे मोजून घेतले, एक रुपया कमी नाही. ते मला बरं वाटलं.

हे लिहायला मला एवढी वर्षं लागली. मध्ये करोना आला, मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. अहवालात एक ओळ कमी लिहिली होती, ती आज लिहिते. त्या मुलाने चिठ्ठी स्वतः आणून दिली होती. ती मी पकडलेली नव्हती. ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट माझ्याकडून ऐकून पुढे सांगितली असेल, त्यांनी कृपा करून ही दुरुस्तीही पुढे सांगावी.

नात आता अठरा वर्षांची झाली आहे. काल फोनवर तिला कार्डाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आजी, १०३!! आता ये, शंभरच्या आत आणू."

रेनकोट धुऊन वाळत घातला आहे. पेन्सिल आणि कार्ड पुन्हा खिशात ठेवून दिलं.